कुणी गायलंच नाही म्हणे!

 

आजचा विषय हिशोबाचा नाही, कर्जाच्या हप्त्याचा नाही आणि गांडूळखताचाही नाही. आज बोलायचंय चित्रपटाच्या नावावर. हसू नका. गेल्या महिन्यात आमच्या गटांच्या एकत्र बैठकीत वह्या बाजूला राहिल्या आणि एवढ्याच गोष्टीवरून तासभर वाद झाला. शिवजयंतीला पडदा लावून चित्रपट दाखवायचा ठरलं होतं. पोरांनी एकमुखानं सांगितलं, ‘तान्हाजी’च लावा. मग फलकावर चित्रपटाचं पूर्ण नाव लिहायची वेळ आली, ‘तान्हाजी: द अनसंग वॉरियर’. आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, त्या इंग्रजी शब्दांचा अर्थ सांगा. आम्ही सांगितलं, ‘ज्याचं गाणं कुणी गायलं नाही असा लढवय्या’. आजी म्हणाल्या, “कुणी गायलं नाही? मग आमच्या आयुष्यभर जत्रेत शाहीर काय गात होते?”

तिथून वाद सुरू झाला. एक बाजू म्हणे, नावात काय एवढं, चित्रपट चांगला आहे ना? दुसरी बाजू म्हणे, दारावरची पाटीच खोटी असेल तर आतल्या मालावर भरवसा कसा ठेवायचा? आम्ही लोणची-पापड विकणाऱ्या बाया. पाकिटावर ‘आंबा’ लिहून आत भोपळा भरला तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही, हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे.

चित्रपटाच्या धंद्यात मात्र येतं. पोरांच्या मोबाइलवर ‘द कराटे किड’ नावाचा एक इंग्रजी चित्रपट सारखा चालू असतो. पहिला 1984 मध्ये निघाला. त्यात अमेरिकेतल्या एका पोराला एक म्हातारे जपानी गृहस्थ कराटे शिकवतात. कराटे जपानचं, तेव्हा नाव बरोबर. 2010 मध्ये तोच चित्रपट नव्यानं काढला. आता पोरगा आईबरोबर चीनला जातो आणि जॅकी चॅन त्याला शिकवतो कुंग फू. कुंग फू चीनचं. म्हणजे अख्ख्या चित्रपटात शिकवणी कुंग फूची आणि नाव कराटेचं! चित्रपटातच त्या पोराची आई दोन्हीत गल्लत करते. चीनमध्ये तो दाखवताना नावात ‘कुंग फू’ घातलं, कारण तिथल्या लोकांना असं फसवता आलं नसतं. बाकी जगात जुनं नाव ठेवलं, कारण त्या नावाला बाजार होता. आपल्याकडे तरी दुसरं काय? शाळेत मुलींना स्वसंरक्षणाचं काहीही शिकवलं तरी घरी येऊन त्या ‘कराटे’च म्हणतात. लाठी शिकवली तरी कराटे.

तर नाव टिकतं ते बाजारामुळे. आता तानाजीकडे येऊ. हा चित्रपट 2020 च्या जानेवारीत आला, ओम राऊत यांनी दिग्दर्शित केलेला. अजय देवगण तानाजी झाला, सैफ अली खान उदेभान. पोरांना वाटतं तानाजीवरचा हा पहिलाच चित्रपट. तसं नाही. 1923 मध्ये, म्हणजे आपल्या आज्यांच्या आयांच्या काळात, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘सिंहगड’ नावाचा मूकपट काढला. मूकपट म्हणजे नुसती चित्रं, बोलणं नाही. रात्रीची लढाई पडद्यावर दिसावी म्हणून त्यांनी विजेच्या दिव्यांचा उजेड वापरला. त्या काळी चित्रपट उन्हात काढायचे, म्हणून लोकांना त्याचं मोठं अप्रूप वाटलं. शेलारमामाचं काम केलं होतं व्ही. शांताराम नावाच्या तरुणानं. पुढे दहा वर्षांनी, 1933 मध्ये, त्याच शांतारामबापूंनी प्रभात कंपनीतून बोलका ‘सिंहगड’ काढला. म्हणजे 2020 चा चित्रपट ही त्याच गोष्टीची नवी आवृत्ती. निदान तिसरी तरी धरा.

जाता जाता एक गंमत. पेंटरांचा ‘सिंहगड’ बघायला इतकी गर्दी लोटली की सरकारच्या डोळ्यांत ते पैसे भरले आणि करमणुकीवर कर बसला, असं सांगतात. मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा 1923 मध्येच आला, एवढं खरं. आणि 2020 मध्ये त्याच तानाजीच्या चित्रपटाला आपल्या सरकारनं कर माफ केला. शंभर वर्षांत तानाजीनं एक कर आणलाही आणि एक घालवलाही म्हणायचा!

बाबूराव पेंटरांचं आणखी एक काम बचत गटाच्या बायांनी लक्षात ठेवावं असं आहे. 1925 मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. सावकाराच्या कर्जात शेतकऱ्याची जमीन जाते, त्याची गोष्ट. त्यातही शांताराम होते, शेतकऱ्याच्या भूमिकेत. पुढे पेंटरांनी स्वतःच तो बोलका करून पुन्हा काढला. त्या नावात फसवाफसवी काही नव्हती. पाटीवर पाश, आतही पाश.

बरं, या सगळ्या ‘सिंहगडां’ची गोष्ट आली कुठून? हरी नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीतून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची ही कादंबरी. कादंबरी म्हणजे रचलेली गोष्ट, इतिहासाचा पाया घेऊन वर बांधलेली माडी. त्यात आपट्यांनी कमलकुमारी नावाची एक रजपूत बाई घातली. ती सती जायला निघालेली असते आणि उदेभान तिला जबरदस्तीनं उचलून नेतो. 2020 च्या चित्रपटातही उदेभानानं धरून आणलेली कमलदेवी आहे. गड जिंकल्याच्या जुन्या हकिगतीत ही बाई नाही. ती कादंबरीकाराच्या डोक्यातून आली आणि शंभर वर्षांनी पडद्यावर येऊन बसली. आज आमच्या पोरी विचारतात, कमलदेवीचं पुढे काय झालं? त्यांना काय सांगायचं? चित्रपटातली ती ‘नागीण’ नावाची भली मोठी तोफही तशीच, चित्रपटवाल्यांची.

आणि घोरपड? यशवंती घोरपडीला दोर बांधून मावळे कडा चढले, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण कृष्णाजी अनंत सभासद, जे महाराजांच्या पदरी होते आणि ज्यांनी राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला बसून बखर लिहिली, त्यांच्या लिहिण्यात घोरपड नाही. मावळे कडा चढून गेले, एवढंच आहे. माणसं कड्यावर हातापायांनी चढली, यात आपल्या भागातल्या लोकांना नवल वाटायचं कारण नाही. गवत कापायला, मध काढायला आजही कोण कुठे चढतो ते आपल्याला माहीत आहे. आमच्या मते घोरपडीवाचून ती गोष्ट लहान होत नाही, उलट मोठी होते.

मग खरं काय घडलं? 1665 मध्ये पुरंदरचा तह झाला आणि महाराजांना तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. त्यात कोंढाणाही गेला. तिथे मोगलांच्या वतीनं उदेभान राठोड हा रजपूत किल्लेदार होता. 1670 च्या फेब्रुवारीत, माघ वद्य नवमीच्या रात्री, तानाजी मालुसरे आपले निवडक मावळे घेऊन वर चढले. तानाजी आणि उदेभान दोघेही लढाईत पडले. भाऊ सूर्याजीनं लोकांना सावरून गड घेतला. गडावरच्या पागेच्या घरांना आग लावून राजगडाला खूण केली, आणि राजगडावरून महाराजांनी तो उजेड पाहिला. आता राजगड कुणाचा? आपला, वेल्ह्याचा. त्या रात्री आपल्या खोऱ्यांतल्या कुणी बाई अंगणात उभी असेल तर तिलाही तो उजेड दिसला असेल.

आता ‘सिंहगड’ या नावाचं बघा. शाळेत शिकवलं की तानाजी सिंहासारखा लढला म्हणून कोंढाण्याचं नाव सिंहगड ठेवलं. पण इतिहास संशोधकांनी दाखवलंय की महाराजांच्या 1663 च्या पत्रात सिंहगड हे नाव आधीच आलेलं आहे. तानाजी पडायच्या सात वर्षं आधी! म्हणजे गडाचं नाव आधी आणि सिंह नंतर. सभासदांच्या बखरीत महाराज दुःख करतात तेव्हा तानाजीला सिंह म्हणत नाहीत. ते त्याला गडच म्हणतात, एक गड मिळवताना दुसरा गेला, असा भाव आहे. आम्हाला विचाराल तर हे जास्त भारी आहे. सिंह काय, जंगलात पुष्कळ. माणसाला गड म्हणणं म्हणजे त्याच्या आडोशाला आपण सगळे राहत होतो असं म्हणणं.

हे ऐकून बैठकीत दोघीजणी रागावल्या. “तुम्ही आता तानाजीलाच खोटं ठरवणार का?” नाही बायांनो. तानाजी खरा, त्याचं मरण खरं. खोटी आहे ती वरची सजावट. तानाजीचा देह उमरठ्याला नेला तो आपल्या केळदजवळच्या घाटानं, म्हणून त्याला मढे घाट म्हणतात, असं आपल्याकडे सांगतात. पोलादपूर तालुक्यातलं उमरठे हे त्यांचं गाव. आज लोक पावसाळ्यात त्या घाटाचा धबधबा बघायला गाड्या भरून येतात, कणसं खातात, फोटो काढतात. नाव कशावरून पडलं ते किती जणांना माहीत असतं?

नावांना आपल्या तालुक्यांत फार किंमत आहे. 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव द्यायला मंजुरी दिली. आणि चित्रपटाचं नाव बदलायला सरकार धावून आल्याचंही आपल्याच भागाचं उदाहरण आहे. प्रभात कंपनीनं महाराजांवर मूकपट काढला, 1930 मध्ये. शांताराम स्वतः महाराज झाले. नाव ठेवलं ‘स्वराज्य तोरण’. स्वराज्याचं तोरण म्हणजे आपला तोरणा किल्ला. इंग्रज सरकारला ‘स्वराज्य’ हा शब्द पोस्टरवर नको होता. नाव बदलून ‘उदयकाल’ करावं लागलं. म्हणजे नावात काहीच नसतं असं जे म्हणतात, त्यांनी इंग्रजांना विचारावं. ते उगाच घाबरले नव्हते.

आता परत आजींच्या प्रश्नाकडे. कुणी गायलं नाही? तुळशीदास शाहिराचा तानाजीवरचा पोवाडा इतका जुना आहे की तो जिजाऊंनी करवून घेतला असं लोक सांगत आले. त्यात जिजाऊ महाराजांशी सोंगट्या खेळतात, डाव जिंकतात आणि जिंकल्याबद्दल कोंढाणा मागतात. राज्यातल्या सगळ्या मोहिमेची सुरुवात एका आईनं टाकलेल्या डावापासून होते! गोंधळी हे पोवाडे घरोघर गात. पुढे ॲकवर्थ नावाचे एक इंग्रज अधिकारी, जे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते आणि ज्यांच्या नावानं वडाळ्याला कुष्ठरोग्यांचं रुग्णालय आहे, त्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साथीनं हे पोवाडे गोळा केले आणि 1891 मध्ये छापले. तीन वर्षांनी इंग्रजीतही आणले. म्हणजे तानाजीचं गाणं इंग्रजांनीसुद्धा वाचलं होतं. कादंबरी झाली, मूकपट झाला, बोलपट झाला, चौथीच्या पुस्तकात धडा झाला. महाराष्ट्रात ज्याचं सगळ्यात जास्त गाणं झालं अशा पाच माणसांत तानाजी येतील. आणि त्यांनाच ‘न गायलेला’ म्हणायचं?

चित्रपटवाल्यांची बाजूही मांडायला हवी. आमच्यातली एक शिकलेली सून म्हणाली, नाव दिल्ली-लखनौच्या लोकांसाठी होतं, त्यांनी कुठे तानाजी ऐकला होता? हे बरोबर आहे. चित्रपटानं हे नाव देशभर नेलं, पोरांना गडाकडे वळवलं, ते त्याचं श्रेय. पण त्यांनी ऐकलं नाही म्हणजे कुणी गायलंच नाही, असं होत नाही. न ऐकणाऱ्याच्या कानाचा दोष गाणाऱ्याच्या गळ्यावर कशाला? आणि हे आमच्या जिव्हाळ्याचं आहे. मुळशी-मावळापासून आपल्यापर्यंतच्या बायांनी जात्यावर म्हटलेल्या ओव्या गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी वर्षानुवर्षं गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. त्याआधी कुणी विचारलं असतं तर शहरातला माणूस म्हणाला असता, खेड्यातल्या बाया काही रचत नाहीत. बाया तर रोज पहाटे रचत होत्या.

शेवटी ठरलं ते असं. चित्रपट लावायचा, पोरांचा हट्ट मोडायचा नाही. फलकावर मोठ्या अक्षरात ‘नरवीर तानाजी मालुसरे’ एवढंच लिहायचं, इंग्रजी शेपूट नको. चित्रपटाआधी अर्धा तास पोवाडा. आणि चित्रपट संपल्यावर घोरपड, नागीण तोफ आणि कमलदेवी कुठून आल्या ते चौथी-पाचवीच्या मुलींनी उभं राहून सांगायचं. तयारी आम्ही करून घेतोय. पोवाडा म्हणायला अजून माणूस मिळालेला नाही. भोर-वेल्ह्यात कुणाच्या घरी जुना शाहीर, गोंधळी असेल, किंवा कुणा आजीला चार कडवी जरी पाठ असतील, तर आपल्या गटाच्या अध्यक्षांकडे निरोप द्या. आपल्या रेडिओवर आम्ही त्यांचा आवाज टिपून घेऊ.