पाऱ्याला पर्याय

फिरंगरोगावरचा, म्हणजे सिफिलिसवरचा, पारा कसा गिळायचा, हे आयुर्वेदाचार्य भावमिश्राने सोळाव्या शतकात नीट लिहून ठेवलं आहे. कणकेच्या गोळीला खळगा पाडायचा, त्यात चार गुंजा रसकापूर (पाऱ्याचं संयुग) भरून तोंड बंद करायचं, लवंगेच्या पुडीत घोळवायची आणि दातांना लागू न देता पाण्याबरोबर गिळायची. वर विडा. एवढी खबरदारी घ्यावी लागे, कारण पाऱ्याने हिरड्या सुजत, दात हलत, लाळ थांबत नसे. युरोपात तर लाळ जितकी गळेल तितका रोग बाहेर पडला, असंच वैद्य मानत.

या जाचातून सुटायचं म्हणून दुसऱ्या औषधाचा शोध सुरू झाला. भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथातच चोपचिनी येते: मधातून घ्यायचं चूर्ण, मीठ वर्ज्य. ही चीनकडची मुळी गोव्यातही पोचली होती. तिथे वैद्यकी करणाऱ्या गार्सिया द ऑर्ताने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात तिची चर्चा केली आहे. मुळी उकळून काढा प्यायचा. दात तरी शाबूत राहायचे.

रोग मात्र तिने जात नव्हता. तरी तिचा बोलबाला झाला, याचं कारण सिफिलिसच्या स्वभावात आहे. पहिली जखम काही आठवड्यांत आपोआप भरते, नंतरचं पुरळही मावळतं आणि रोग वर्षानुवर्षं आत दबा धरून बसतो. त्या काळात जे औषध चालू असेल, श्रेय त्याला. पाऱ्यालाही बरंचसं श्रेय असंच मिळालं असणार. या रोगावरच्या कुठल्याही नव्या उपायाला आजही लगेच भुलू नये, ते यासाठीच.

खरा पर्याय फ्रँकफुर्टला सापडला. पॉल एर्लिखच्या प्रयोगशाळेत साहाचिरो हाता यांनी १९०९ मध्ये रोग दिलेल्या सशांवर आर्सेनिकचं ६०६ क्रमांकाचं संयुग वापरून पाहिलं आणि ते लागू पडलं. पुढच्याच वर्षी ते साल्वरसान नावाने बाजारात आलं. तेही विषारीच, आणि इंजेक्शनं पुन्हा पुन्हा घ्यावी लागत. १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर जॉन महोनी यांनी चार रुग्णांना पेनिसिलिन दिलं आणि आर्सेनिकचं युग संपलं. आपल्याकडे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून पेनिसिलिन बनू लागलं.

सुरुवातीच्या सिफिलिसला आजही बेंझाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटांचं एक इंजेक्शन पुरतं. पण त्याचा तुटवडा पडतो, काहींना त्याची ॲलर्जी असते. अशा वेळी डॉक्सिसायक्लिन देता येतं. गर्भवतीला ते चालत नाही. तिच्यासाठी आणि पोटातल्या बाळासाठी पेनिसिलिनशिवाय खात्रीचं औषध नाही. पर्याय म्हणून सेफिक्सिम या प्रतिजैविकाच्या गोळ्यांचा अभ्यास चालू आहे. पर्याय शोधण्याचं हे काम रखडलं, त्याला एक कारण म्हणजे हा जंतू प्रयोगशाळेत सलग वाढवणं २०१८ पर्यंत जमलंच नव्हतं. आणि ज्या रोगाचं नाव घ्यायचीही लाज वाटते, त्याच्या औषधासाठी आग्रह तरी कोण धरणार?

वेळेत दिलेल्या पेनिसिलिनने बाळ वाचतं. घरात कुणी गरोदर असेल, तर पहिल्याच तपासणीत रक्ताची सिफिलिस चाचणी झाली का, हे न संकोचता विचारा.