काळ्यात दडलेलं पांढरं

साल १९०५. तुम्ही बडोद्याच्या कमाटी बागेत उभे आहात. विश्वामित्री नदीच्या गाळात एक मगर ऊन खात पडली आहे. पाठीमागे म्युझियमची इमारत, अजून तशी नवीच. इथल्या माणसाला अस्वल ठाऊक आहे ते पूर्वेकडच्या रतनमहालच्या डोंगरांतलं: काळं, झिपरं, छातीवर पांढरट खूण. वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून ते वाळवी ओढतं, आणि तो आवाज लांबवर जातो.

आता त्याच साली न्यूयॉर्कला चला. तिथल्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक विल्यम हॉर्नडे कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पांढऱ्या अस्वलाला नाव देत आहेत. तरुणपणी, १८७७च्या सुमारास, हेच हॉर्नडे भारतातल्या जंगलांत नमुने गोळा करत हिंडले होते. कातडी पाहून ते ठरवतात की ही वेगळीच जात आहे, आणि तिथल्या व्हिक्टोरिया शहराच्या संग्रहालयातल्या फ्रान्सिस करमोड यांचं नाव तिला देतात.

जिवंत अस्वल पाहायचं तर त्याच किनाऱ्यावरच्या ग्रिबेल बेटावर उतरा. पाऊस थांबायचं नाव घेत नाही. देवदारांखाली शेवाळ इतकं माजलंय की पाऊल रुतून बसतं. ओढ्यात सामन मासे उलट्या धारेने चढताहेत आणि मधल्या दगडावर ते उभं आहे. फर मलईच्या रंगाची, मानेवर किंचित पिवळसर. नाक काळं, डोळे तपकिरी, म्हणजे हा रंगद्रव्याचा जन्मजात अभाव (अल्बिनिझम) नव्हे. दिवसाउजेडी फिकट आभाळापुढे माशांना ते चटकन दिसत नाही, त्यामुळे काळ्या भावंडांपेक्षा शिकार बरी साधते. इथल्या मूळनिवासी गिटगाट लोकांना ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, पण फरच्या व्यापाऱ्यांपुढे त्यांनी त्याचा विषयच काढला नाही. मला या मौनाचं फार मोल वाटतं.

२००१ला या. ही वेगळी जात नव्हे: शास्त्रज्ञांना काळ्या अस्वलांच्याच एका जनुकातला एकच बदल सापडतो. तो आई आणि बाप दोघांकडून आला तरच पिल्लू पांढरं. एकाकडूनच आला तर पिल्लू काळं, पण बदल पोटात घेऊन फिरणारं. काळ्या आईमागे पांढरं पिल्लू चालतं ते यामुळे. म्हणजे काळ्या अस्वलाच्या शिकारीत उद्याचं पांढरंही मारलं जाऊ शकतं. तिथे काळ्यालाही जपावंच लागतं.

म्हणून परतताना बडोद्याच्या आधी रतनमहालला थांबा. १९८२ साली अभयारण्य झालेलं हे जंगल जेमतेम ५५ चौरस किलोमीटरचं. गुजरातेतल्या अस्वलांचं मोठं ठाणं. इथे पांढरं कोणी नाही, त्यामुळे मासिकांच्या मुखपृष्ठावरही कोणी येत नाही. चैत्रात मोहाची फुलं गळतात, ती वेचायला पहाटे बायका टोपल्या घेऊन निघतात आणि त्याच झाडाखाली अस्वलही येतं. तुम्हीही त्यांच्याबरोबरच जा, मोठ्याने बोलत जा. अस्वलाला माणसाची चाहूल आधी लागली तर ते बहुधा वाट सोडून जातं.