जमिनीतला तोफगोळा : इतिहास, कायदा आणि भंगाराचा भाव

तंजावर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यान, कावेरीच्या खोऱ्यात, पापनाशम हे तालुक्याचे गाव आहे. भोवतालची जमीन गाळाची. तीत मोठा दगड क्वचितच लागतो. अशा जमिनीत नांगराला किंवा खोदाईच्या यंत्राला काही जड आणि गोल लागले, तर ते काय असावे, हा प्रश्न या मुलखात निव्वळ कुतूहलाचा नाही.

भोसल्यांच्या तंजावरला पंधरा वर्षांत तीन वेढे पडले. १७५८ मध्ये फ्रेंच सेनापती लाली याने प्रतापसिंह महाराजांच्या राजधानीवर तोफा डागल्या. दारूगोळा व रसद संपत आल्यामुळे ऑगस्टमध्ये त्याला वेढा उठवावा लागला. पुढे १७७१ आणि १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबासाठी इंग्रज कंपनीचे सैन्य चालून आले. सप्टेंबर १७७३ मध्ये शहर पडले, तुळजाराजे कैद झाले आणि १७७६ मध्ये त्यांना राज्य परत मिळाले.

त्या युगातील तोफगोळे मुख्यतः दोन प्रकारचे. तटबंदी फोडण्यासाठी भरीव लोखंडी गोळा. आणि उखळी तोफेतून उडवायचा, आत दारू भरलेला पोकळ गोळा. या दुसऱ्याला जुन्या मराठीत ‘कुलपी गोळा’ असा नेमका शब्द आहे. पहिला आज निरुपद्रवी असतो, दुसरा नसतो. ओळखीची खूण म्हणजे वात बसवण्याचे छिद्र; पण गंज आणि माती ते बुजवून टाकतात. दुसरी खूण वजनाची. दहा सेंटिमीटर व्यासाचा बिडाचा भरीव गोळा सुमारे पावणेचार किलो भरतो. वजन त्याहून बरेच कमी असेल तर गोळा पोकळ समजावा. अडचण एवढीच, की वजन करायचे म्हणजे गोळा उचलावा लागतो.

गोळा जुना, म्हणून दारू मेली असेल, हा समज घातक आहे. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. त्या युद्धातील एक गोळा साफ करताना २००८ मध्ये व्हर्जिनिया राज्यात एक अनुभवी संग्राहक स्फोटात मरण पावला.

विसाव्या शतकातील गोळे लांबट असतात. त्यांच्या बुडाजवळ तांब्याचा पट्टा असतो. पट्ट्यावर तिरपे चरे असतील तर गोळा तोफेतून सुटलेला आहे, म्हणजे सुटूनही न फुटलेला आणि म्हणूनच अधिक भयंकर. चरे नसले, तरी तो निर्धोक ठरत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज फुटले. त्यावर सुमारे चौदाशे टन स्फोटके होती. ऑक्टोबर २०११ मध्ये, म्हणजे सदुसष्ट वर्षांनी, गोदीच्या गाळात पंचेचाळीस किलोचा जिवंत गोळा मिळाला आणि तो निकामी करावा लागला.

आता कायद्याकडे वळू. १९७२ च्या पुराणवस्तूविषयक कायद्यानुसार शंभर वर्षे जुनी वस्तू पुराणवस्तू ठरू शकते. २२ सप्टेंबर १९१४ रोजी ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर गोळे टाकले. त्यांतला एखादा न फुटलेला गोळा आज मिळाला, तर २०१४ पासून तो पुराणवस्तूच्या वयात आला आहे. आणि तरीही तो स्फोटकच आहे. एकाच वस्तूवर दोन खात्यांचा हक्क, असा हा प्रकार. माझ्या मते क्रम स्पष्ट असावा : आधी बॉम्बशोधक पथक, मग पुरातत्त्व खाते.

परंतु मला महत्त्वाचा वाटतो तो याच्याही आधीचा टप्पा. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. म्हणून विचारतो, ज्या मजुराच्या कुदळीला गोळा लागला त्याने तो कळवावा का? कळवले तर काम बंद, रोज बुडाला, चौकशीला उत्तरे द्या. न कळवता विकला तर लोखंडाचा भाव हातात. भंगारवाला तो घणाने फोडणार, हे त्या हिशेबात येत नाही.

१८७८ च्या निखात निधी कायद्याला मात्र हा हिशेब कळला होता. दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे. शासनाने तो स्वतःकडे घेतला नाही आणि जमीनमालकाने हक्क सांगितला, तर वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश वाटा सापडवणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश मालकाचा. वसाहती राज्यकर्त्यांना सोने हवे होते, म्हणून त्यांनी प्रामाणिकपणाची किंमत मोजायचे ठरवले. गोळ्याबाबत शासनाला तर केवळ एक जीव वाचवायचा आहे. त्याची किंमत म्हणजे बुडालेला रोज आणि काही किलो लोखंडाचा भाव. ती कळवणाऱ्याच्या हातावर त्याच दिवशी ठेवण्याचा अधिकार तहसीलदाराला असावा.

गोळा ओळखणे हे तज्ज्ञाचे काम आहे. मजुराचे काम इतकेच, की हात न लावता दूर व्हावे, इतरांना दूर ठेवावे आणि पोलिसांना कळवावे. ते त्याला परवडेल अशी व्यवस्था करणे, हे आमचे काम.