प्रवेश अर्जांची मुदतवाढ

प्रवेश अर्जांची मुदतवाढ म्हणजे मर्यादित जागांच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज भरण्याची जाहीर झालेली अंतिम तारीख प्रवेश यंत्रणेने पुढे नेणे होय. महाराष्ट्रात अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, विधी, व्यवस्थापन इत्यादी अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. हा कक्ष 'सीईटी कक्ष' या नावाने ओळखला जातो आणि त्याच्या वेळापत्रकात मुदतवाढ ही जवळजवळ नित्याची बाब झाली आहे. मुदत वाढली म्हणजे अर्ज कमी आले आणि अर्ज अधिक आले म्हणजे प्रवेश तितकाच दुर्लभ झाला, असे दोन समज विद्यार्थी व पालकांत रूढ आहेत. दोन्ही अपुरे आहेत.

मुदतवाढीची कारणे

अर्ज कमी पडल्याचे ठळक उदाहरण २०२४ मधील आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस व बीबीएम हे अभ्यासक्रम आपल्या कक्षेत आणले आणि राज्यात त्यांच्यासाठी प्रथमच सीईटी घेण्यात आली. त्यापूर्वी बहुतेक ठिकाणी बारावीच्या गुणांवर महाविद्यालयातच प्रवेश होत असे. नव्या परीक्षेची माहिती अनेकांपर्यंत वेळेत पोहोचली नाही. मुदत वाढवूनही २९ मे रोजीच्या परीक्षेस पन्नास हजारांहून कमी विद्यार्थी बसले. जागा मात्र एक लाखाहून अधिक होत्या. अखेर ४ ऑगस्ट रोजी अतिरिक्त सीईटी घ्यावी लागली. काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून परिषदेच्या कक्षेबाहेर राहण्याचा मार्ग पत्करला.

त्याच वर्षी वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत नेमके उलटे चित्र होते. अर्जांची मुदत ९ मार्चवरून १६ मार्चपर्यंत वाढवण्यात आली आणि पुढे ९ व १० एप्रिल रोजी नोंदणी पुन्हा खुली झाली. येथे अर्जांचा तुटवडा मुळीच नव्हता. २४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नोंदणी केली होती. प्रश्नपत्रिका फुटल्याच्या आरोपांवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा ही पुन्हा उघडलेली खिडकीही वादाचा विषय ठरली. मुदतवाढ संशयाला जागा देऊ शकते, हे त्यातून दिसले.

तिसरे कारण तांत्रिक असते. अकरावीची ऑनलाइन प्रवेशपद्धती मुंबई परिसरात २००९ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये संपूर्ण राज्याला लागू झाली. सिंधुदुर्ग जिल्हा तिच्यात तेव्हाच प्रथम आला. पहिल्याच दिवशी, २१ मे रोजी, संकेतस्थळ कोलमडले. प्रक्रिया २६ मेपासून नव्याने सुरू करावी लागली आणि पुढील तारखा सरकल्या. राज्यातील एकूण जागा दहावी उत्तीर्णांपेक्षा अधिक होत्या. चुरस होती ती शहरांतील मोजक्या महाविद्यालयांत.

कागदपत्रांचा प्रश्न

ग्रामीण विद्यार्थ्याच्या दृष्टीने मुदतवाढीचा खरा उपयोग दाखल्यांसाठी होतो. देवगड तालुक्यातील मिठबावसारख्या किनारी गावातून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्र वा देवगडचे तहसील कार्यालय, नॉन-क्रीमिलेअरसाठी उपविभागीय अधिकाऱ्यांची स्वाक्षरी आणि जात वैधतेसाठी सिंधुदुर्गनगरी येथील पडताळणी समिती अशी वाट धरावी लागते. अर्ज घरबसल्या भरता आला, तरी दाखला घरबसल्या वेळेत मिळेलच असे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा समाजासाठी सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गात १० टक्के आरक्षणाचा कायदा झाला. त्यानंतरच्या प्रवेशांत वैधता प्रमाणपत्र सादर करण्यास सहा महिन्यांची मुदत देण्यात आली. अशी सवलत नसती, तर पात्र असूनही अनेकांना खुल्या प्रवर्गातून प्रवेश घ्यावा लागला असता.

अर्जसंख्येचा अर्थ

नोंदणी, परीक्षेस उपस्थिती आणि प्रवेशफेरीतील सहभाग हे तीन वेगळे आकडे असून वृत्तपत्रांत बहुधा पहिलाच मथळ्यात येतो. २०२५ च्या एमएचटी-सीईटीत पीसीएम गटासाठी सुमारे ४.६ लाख नोंदणी झाली. परीक्षा दिली सुमारे ४.२ लाखांनी. पीसीएम व पीसीबी हे दोन्ही गट देणारा विद्यार्थी दोनदा मोजला जातो, त्यामुळे दोन गटांची बेरीज म्हणजे विद्यार्थीसंख्या नव्हे. वर्षावर्षांची तुलनाही जपून करावी लागते. २०१४ व २०१५ मध्ये राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशासाठी जेईई मेनचे गुण धरले जात होते; २०१६ पासून पुन्हा एमएचटी-सीईटी आली.

नियम बदलल्याने अर्जसंख्या कशी फुगते, याचे उदाहरण अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात आढळते. २०२० मध्ये निवड झालेल्या तुकडीसाठी तेथे ४०,२४८ अर्ज आले होते. करोनाकाळात प्रवेश परीक्षेचे गुण देणे ऐच्छिक केल्यावर पुढील वर्षी ५७,४३५ अर्ज आले आणि निवडीचे प्रमाण सुमारे ४.९ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर उतरले. निवडलेल्यांची संख्या मात्र दोन्ही वर्षी दोन हजारांच्या आतबाहेरच होती.

मर्यादा

मुदत अमर्याद वाढवता येत नाही. वैद्यकीय प्रवेशांच्या वेळापत्रकाचे काटेकोर पालन व्हावे, असे सर्वोच्च न्यायालयाने मृदुल धर खटल्यात (२००५) बजावले. तंत्रशिक्षणासाठी पार्श्वनाथ चॅरिटेबल ट्रस्ट खटल्यात (२०१२) तशीच चौकट ठरली. फेऱ्या लांबल्या की पहिले सत्र आखूड होते, आणि गावातून शहरात येणाऱ्याला वसतिगृह शोधण्यासही अवधी उरत नाही.

सीईटीच्या गुणवत्ता यादीत अर्जाच्या तारखेला स्थान नसते. वेळेत अर्ज भरणाऱ्यास अधिक गुण वा उशिरा भरणाऱ्यास कमी गुण मिळत नाहीत. वाढीव काळात मात्र काही वेळा विलंब शुल्क द्यावे लागते, आणि पसंतीचे परीक्षा केंद्र मिळेलच याची शाश्वती नसते.