दारू प्यालेला म्हणजे किती प्यालेला?

चोरी झाली की चोरीचा माल शोधता येतो, मारहाण झाली की जखम दिसते. दारू पिऊन वाहन चालवल्याचा पुरावा मात्र चालकाच्या रक्तात असतो, आणि तोही तासागणिक कमी होत जातो. त्यामुळे या गुन्ह्याबद्दल पहिल्यांदाच दोषी ठरणाऱ्या चालकाला काय शिक्षा व्हावी, याचा इतिहास जितका कायद्याचा आहे तितकाच मोजमापाच्या विज्ञानाचाही आहे. इंग्लंडमध्ये तो कसा घडत गेला ते आपण पाहू.

१० सप्टेंबर १८९७. लंडनमधला जॉर्ज स्मिथ हा टॅक्सीचालक विजेच्या घटावर चालणारी गाडी घेऊन न्यू बाँड स्ट्रीटवरून जात होता. गाडी रस्त्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेली, पदपथावर चढली आणि एका इमारतीवर आदळली. स्मिथने गुन्हा कबूल केला आणि त्याला सुमारे एक पौंड दंड झाला. मोटारचालकाला या गुन्ह्याबद्दल झालेली ही पहिली शिक्षा मानली जाते. त्या वेळी मोटारींसाठी असा वेगळा कायदा नव्हता. वापरला गेला तो १८७२ चा मद्यविक्री परवान्यांचा कायदा. दारूच्या नशेत घोडा, गुरे, गाडी किंवा वाफेचे इंजिन रस्त्यावर नेणाऱ्याला ४० शिलिंगांपर्यंत दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद, अशी त्यात तरतूद होती. घोड्याला निदान स्वतःची अक्कल असते, मोटारीला नसते. हा फरक कायद्यात उतरायला आणखी २८ वर्षे लागली.

१९२५ साली यांत्रिक वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. ५० पौंडांपर्यंत दंड किंवा चार महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि शिवाय बारा महिने वाहन चालवण्यास बंदी. १९३० च्या कायद्यानेही बारा महिन्यांची बंदी कायम ठेवली. हा ‘बारा’चा आकडा लक्षात ठेवू, तो पुन्हा भेटणार आहे.

शिक्षा कडक झाली, पण गुन्हा सिद्ध करणे कठीणच राहिले. वाहनावर योग्य ताबा ठेवता येणार नाही इतका चालक दारूच्या अमलाखाली होता, हे दाखवावे लागे. डॉक्टर त्याला सरळ रेषेवर चालायला लावत, बोबडी वळेल असे शब्द उच्चारायला लावत, हस्ताक्षर तपासत. पण मुळातच ज्याचा तोल कच्चा आहे त्याचे काय? आणि भरपूर पिऊनही ताठ चालणाऱ्या सराईताचे काय? शिवाय ज्यूरीत बसलेल्यांपैकी अनेक जण स्वतः मोटार चालवणारे आणि अधूनमधून पिणारे असत. आरोपीच्या जागी उद्या आपणही असू शकतो, या विचाराने ते त्याला सोडून देण्याकडे झुकत.

या कोंडीतून वाट निघाली ती प्रयोगशाळेत. स्वीडनमधील एरिक विडमार्क यांनी १९२२ साली रक्ताच्या काही थेंबांतून मद्यार्काचे प्रमाण मोजण्याची पद्धत मांडली. १९३६ साली नॉर्वेने रक्तातील प्रमाणाची मर्यादा कायद्यातच लिहिली : १०० मिलिलिटरमध्ये साधारण ५० मिलिग्रॅम. चालक झिंगलेला दिसतो की नाही, हा प्रश्नच मग उरला नाही. पुढे अमेरिकेत रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी अपघात झालेल्या हजारो चालकांची तुलना त्याच ठिकाणांवरून, तशाच वेळी सुखरूप गेलेल्या चालकांशी केली. प्रमाण ८० मिलिग्रॅमच्या पुढे गेले की अपघाताचा धोका झपाट्याने वाढतो, असे १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले.

१९६७ साली ब्रिटनने ८० मिलिग्रॅमची मर्यादा स्वीकारली. ऑक्टोबरमध्ये पोलिसांच्या हाती एक काचेची नळी आणि पिशवी आली. नळीत आम्लयुक्त डायक्रोमेटचे पिवळे स्फटिक असत. श्वासातील मद्यार्काचे ऑक्सिडीकरण झाले की ते हिरवे होत. हिरवा रंग खुणेच्या रेषेपुढे गेला तर चालकाला पोलिस ठाण्यावर नेऊन पुढील तपासणी होई. आणि पहिल्या गुन्ह्याची शिक्षा? किमान बारा महिने बंदी. म्हणजे १९२५ चाच आकडा!

शिक्षेत फारसा फरक नव्हता, पण परिणामात मोठा फरक पडला. एच. लॉरेन्स रॉस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने अपघातांची आकडेवारी तासांप्रमाणे वेगळी केली. शुक्रवार-शनिवारच्या रात्री होणारी गंभीर हानी सुरुवातीला सुमारे दोन-तृतीयांशांनी घटली होती. दारूची दुकाने बंद असताना, कामावर जाण्यायेण्याच्या वेळांत मात्र अशी घट नव्हती. म्हणजे घट या कायद्यामुळेच झाली होती. पण काही वर्षांतच हा परिणाम ओसरला. संशय आला, वाहतुकीचा नियम मोडला किंवा अपघात झाला तरच पोलिसांना तपासणी करता येई. आपण पकडले जाण्याची शक्यता कमीच आहे, हे चालकांच्या ध्यानात आले. कायदा तोच होता, शिक्षा तीच होती; फक्त धाक गेला होता.

याच्या उलट ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सने डिसेंबर १९८२ पासून संशय असो वा नसो, कोणालाही थांबवून श्वास तपासायला सुरुवात केली. प्राणघातक अपघात सुमारे एक-पंचमांशाने कमी झाले आणि ही घट टिकली. स्कॉटलंडने डिसेंबर २०१४ मध्ये मर्यादा ८० वरून ५० वर आणली, पण ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांना त्यानंतर अपघातांत घट आढळली नाही. तपासणी पुरेशी वाढवली गेली नव्हती, हे त्याचे एक संभाव्य कारण त्यांनी सांगितले.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमात १९९४ च्या दुरुस्तीने ३० मिलिग्रॅमची मर्यादा आली. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. १ सप्टेंबर २०१९ पासून दंडाची रक्कम १०,००० रुपये झाली. रक्कम पाचपट झाली, पण वरचा इतिहास आपल्याला दुसराच प्रश्न विचारायला शिकवतो : तपासणी किती पट वाढली?

वर्गात विद्यार्थ्यांना एक गणित घालता येईल. ब्रिटनमध्ये १९८३ पासून श्वासाची मोजणीही न्यायालयात पुरावा म्हणून चालू लागली. १०० मिलिलिटर रक्तातील ८० मिलिग्रॅमऐवजी तेवढ्याच श्वासातील ३५ मायक्रोग्रॅम, ही मर्यादा ठरली. या दोहोंचे गुणोत्तर काढले तर ते सुमारे २,३०० येते. रक्तातील मद्यार्काचा इतका बारीक अंश फुप्फुसांतल्या हवेत येतो. विद्यार्थ्यांनी आणखी एक हिशेब करावा. शरीर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे सरासरी १५ मिलिग्रॅम मद्यार्क निकालात काढते. मग मध्यरात्री १५० मिलिग्रॅम प्रमाण असलेला माणूस सकाळी सात वाजता मुलांना स्कूटरवरून शाळेत सोडायला निघाला, तर तो ३० च्या मर्यादेत असेल का? उत्तर ४५ येते. झोप झाली, चहा झाला, पावलेही सरळ पडताहेत. तरी कायद्याच्या आणि मागे बसलेल्या मुलांच्या दृष्टीने तो अजून प्यालेलाच आहे.