निवृत्त विमानांचे गुपित

खमरिया वा जीसीएफमध्ये नोकरी केलेल्या आपल्या मंडळींना ‘कामाचे घरी बोलायचे नाही’ हा नियम परिचयाचा आहे. बरेलीच्या हवाई तळावरील मिग-२५ ऊर्फ ‘गरुड’ विमानांचेही तसेच. १९८१ पासून ती ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेगाने, अतिउंचावरून छायाचित्रे टिपत. रडारला चकवण्याची विद्या त्यांच्यात नव्हती. उंची हेच कवच. मे १९९७ मध्ये इस्लामाबादवर प्रचंड धडाका झाला, पाकिस्तानने गरुडाकडे बोट दाखवले. ती चर्चा आजही रंगते! २००६ मध्ये गरुड निवृत्त झाला, तो मात्र खरोखरच.

अमेरिकेच्या रडारला चकवणाऱ्या एफ-११७ चे उलटे. २००८ मध्ये समारंभपूर्वक निरोप दिलेली ही विमाने नेवाडाच्या आकाशात हौशी छायाचित्रकारांना दिसतच राहिली. हवाई दल फारसे बोलेना. अखेर २०२१ मध्ये ती फ्रेस्नोच्या विमानतळावर उघडपणे उतरली, शत्रूची भूमिका करून इतर वैमानिकांना सराव देण्यासाठी.