जात्यावरची ओवी आणि पेनड्राइव्हमधली एमपीथ्री

सणसवाडी-शिक्रापूर पट्ट्यात कंपन्या आल्या, जमिनीला भाव आला, जुनी घरं पाडून स्लॅबची झाली. या पाडापाडीत दगडी जातं निदान अंगणात शोभेला तरी राहतं. कॅसेट मात्र थेट भंगारात. सप्ताहातली कीर्तनं, भजनी मंडळाचे आवाज, कुणाच्या तरी आजीच्या ओव्या. ज्यांना हळहळ वाटते ते मोबाईलच्या दुकानातून "एमपीथ्री मारून" आणतात आणि मग कॅसेट फेकतात. मला भीती या दुसऱ्या मंडळींची जास्त वाटते. जपलं असं त्यांना वाटतं, आणि मूळ तर गेलेलं असतं.

आवाज साठवायचं साधन काय ठेवायचं आणि काय कापायचं हे नेहमीच ठरवत आलंय. १९०२ मध्ये गाइसबर्ग कलकत्त्यात ग्रामोफोनसाठी गाणी ध्वनिमुद्रित करायला आला. तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावायची, म्हणून तासभर राग आळवणाऱ्यांनी तो तीन मिनिटांत बसवला. दळणाच्या पायलीबरोबर लांबत जाणारी ओवी या हिशेबात कुठे बसणार? १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली आणि पुढे ती आपल्या खेड्यांत पोचली, तेव्हा कुठे घरातल्या बाईचा आवाज घरातच टिपता येऊ लागला. पण तोवर पिठाची गिरणी आली होती आणि जातं थांबत चाललं होतं.

याच काळात पुण्यात हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं काम हाती घेतलं. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. आपल्या शिरूर तालुक्यातलं सविंदणे त्या गावांत आहे, हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? सुरुवातीला भर लिहून घेण्यावर होता. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे अभ्यासक सोबत आले आणि १२० तासांहून जास्त ध्वनिमुद्रण झालं, तेही डॅट नावाच्या डिजिटल टेपवर.

इथेच मुद्दा येतो. डॅटवर आवाज न दाबता, आकड्यांत जसाच्या तसा उतरतो. पुढे डॅटचं यंत्रच बाजारातून गेलं. सोनीने २००५ मध्ये ते बंद केलं. पण आकडे टेपवरून डिस्कवर, एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर काहीही न गमावता नेता येतात. ही ध्वनिमुद्रणं गुरगावच्या संगीत-संग्रहालयात ठेवली गेली, पुढे फ्रान्सच्या डिजिटल भांडारात गेली. पॉइटवाँ २००४ मध्ये गेले, राईरकरबाई २०१० मध्ये. तरी २०१७ पासून 'परी'च्या संकेतस्थळावर त्या बायका गाताना ऐकू येतात, जात्याच्या घरघरीसकट.

एमपीथ्रीचं तसं नाही. माणसाच्या कानाला जे फारसं कळत नाही असं गणिताने ठरतं, ते ती टाकून देते. मोठ्या आवाजाखाली दबलेला बारीक आवाज, अगदी वरच्या पट्टीतली किणकिण, असं बरंच. फाईल लहान होते, गाणं ऐकायला ठीकच वाटतं. पण टाकलेलं परत येत नाही, आणि तीच फाईल पुन्हा कापून, जोडून, पुन्हा एमपीथ्री केली की दरवेळी थोडं आणखी जातं. व्हॉट्सॲपवर फिरवताना तर विचारूच नका. एमपीथ्रीशी माझं वैर नाही, गाडीत मीही तीच ऐकतो. पण ती वाटायची प्रत आहे, ठेवायची नाही.

ठेवायची प्रत वेव्ह फाईलमध्ये करा. जगभरच्या ध्वनिसंग्रहालयांची संघटना किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट सांगते, जमलं तर ९६. जागा फार लागेल म्हणाल, तर हिशेब बघा. साठ मिनिटांच्या कॅसेटला ४८-२४ मध्ये एक जीबीच्या आसपास लागते. त्या ओव्यांचे १२० तास डॅटच्या दर्जाने साठवले तर साधारण ८३ जीबी, म्हणजे १२८ जीबीच्या एका पेनड्राइव्हमध्ये मावतील. तरी जागेची अडचण असेल तर फ्लॅक करा. त्यात फाईल बरीच लहान होते आणि आवाजातलं काहीच जात नाही. कमी दर्जात उतरवायला लावणारी अडचण वीस वर्षांपूर्वी खरी होती, आता राहिलेली नाही.

दुकानदाराला एवढंच सांगा: आधी टेपचं हेड साफ कर, खरखर काढायचं सॉफ्टवेअर मूळ फाईलवर चालवू नकोस, वेव्ह दे. आणि कॅसेट परत घ्या.

दुसरं काम दुकानदाराचं नाही, घरच्यांचं आहे. गाणारीचं नाव, माहेर, सासर, साल फाईलसोबत लिहून ठेवा. राईरकर-पॉइटवाँ यांनी गाणाऱ्या बाईचं नाव-गाव नोंदवलं, म्हणून आज सविंदण्याची ओवी सविंदण्याचीच म्हणून ओळखू येते. आवाज ऐकून "ही आमची थोरली चुलती" असं सांगणारं माणूस घरात आहे तोवरच हे होईल.

येत्या ग्रामसभेत वाचनालयासाठी दोन हार्डडिस्कचा विषय मांडणार आहे. दोन, कारण एक कधीतरी बंद पडतेच. तोवर कॅसेट असतील त्यांनी भंगारवाल्याला देऊ नका, आणि उन्हात, माळ्यावरच्या पत्र्याखालीही ठेवू नका.